पावणेचार किलोंची सॅक

नाही, पण टूथब्रशचा दांडा कापला यात माझं काय चुकलं, सांगा ना! नदीकाठची आमची इमारत, वरच्या धरणाचा भोंगा वाजला की अर्ध्या तासात घर सोडायचं, सॅक भरून तयार ठेवायची, अशी नोटीसच लागली होती. गेलो दुकानात. दुकानदार कसला, डोंगर चढून चढून वाळलेला माणूस! तो म्हणतो, "साहेब, ग्रॅम ग्रॅमनं माणूस थकतो!" बस्स. डोक्यात बसलं ते बसलंच.

तुम्हाला सांगतो, महिनाभर दुसरा धंदा नाही... मुठीत मावेल असा रेनकोट, अंगठ्याएवढी टॉर्च, स्टीलचा चमचा टाकून टायटॅनियमचा आणला, टॉवेल कापून रुमाल केला, रुमाल कापून... जाऊ दे! स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला. बायको ओरडतेय, "अहो, त्याच्यावर मोजे काय ठेवताय!" पण ग्रॅम ग्रॅमनं माणूस थकतो ना!

बाबा खुर्चीतून बघत असायचे. वय ऐंशी, गुडघे गेलेले, कानाला यंत्र लावलं तरच ऐकू येणार. एकदा म्हणाले, "माझ्या गोळ्यांचा डबा ठेव रे त्यात." डबा स्टीलचा! एकशे ऐंशी ग्रॅम! मी म्हटलं, "बघू." बघू! सख्ख्या बापाला बघू म्हणालो हो...

आणि मंगळवारी सकाळी दहाला वाजला की भोंगा! खराखुरा! बायको कामावर. मी सॅक पाठीला मारली आणि जो सुटलो! चार मजले, पायऱ्या पायाला लागल्या असतील तर शपथ! लोक गाद्या काय, टीव्ही काय, उचलून धापा टाकतायत आणि मी त्यांच्यातून सुसाट... मनात एकच, ग्रॅम ग्रॅमनं माणूस थकतो! टेकडीवरच्या शाळेत पहिला पोचलो. यादीवाल्या बाई खूश. "वा, तयारी असावी तर अशी! घरात आणखी कोण?"

आणखी कोण...

अहो, बाबा! यंत्र काढून पेपर वाचत बसलेले असणार! उलटा धावलो. शाळेच्या फाटकातच समोर आले, आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्लंबरच्या पाठीवर. बासष्ट किलो! हातात गोळ्यांचा डबा. प्लंबर घामानं निथळतोय, म्हणतो, "काका, तुमचं दार सताड उघडं दिसलं, म्हणून डोकावलो." दार ओढून घ्यायलाही थांबलो नव्हतो मी! आणि बाबा पाठीवरून मलाच विचारतायत, "तू ठीक आहेस ना रे?" मागून बाई पेन सरसावून, "यांना कोणी आणलं?" कुठे तोंड लपवू, सांगा!

पाणी आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत येऊन ओसरलं. परवा बाबांनी स्वतःची पिशवी भरली. जुनी, जाड कापडाची. वर कागद चिकटवला, 'संकटात यांना बोलवा', आणि खाली फोन नंबर.

वाचला. प्लंबरचा.

एक आकडा पुसट आला होता, तो तेवढा गिरवून दिला.