टॅनफील्डचा बैल

"हॅलो?… कोण?… क्लाइव? अरे, मोठ्यानं बोल, बिळातल्या उंदरासारखा कुजबुजतोस काय!… ऑफिसातूनच ना? मग?… दार लावून घेतलंयस? का रे?"

बीटी हॅकेटनं फोनची वायर ओढली आणि ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. हातात अर्धा सोललेला कांदा. टॅनफील्ड मोटर्समध्ये टायवाला साहेब झाल्यापासून पोरगा भरदिवसा कधी फोन करत नसे.

"बरी आहे. बरी कुठली! तीन दिवस झाले, सकाळी साडेसातला बैल ओरडला नाही. घड्याळ मेल्यासारखं वाटतंय घरात… हो, भोंगा म्हण तू. टाय लावल्यावर तुझा भोंगा झाला. गल्लीत तो बैलच आहे, आणि तीस वर्षं तुझ्या बापानं त्याची साखळी ओढलीय. अवेळी ओरडला तो एकदाच. आठवतं? रंगखात्याला आग लागली तेव्हा. अख्खी गल्ली हातातलं टाकून फाटकावर धावली होती… बरं, बरं, बोल तू."

"हो… हो… सुटे भाग आले नाहीत म्हणून सगळ्यांना घरी बसवलंय, ठाऊक आहे. गुरुवारी परत सुरू… काय?… पुन्हा म्हण."

"भाग येऊन पडलेत? मग माणसं घरी कशाला?… काय नेणार?… साचे? पत्रा दाबायचे साचे? सगळे?… आज? दोन वाजता? मागच्या फाटकानं?"

बीटीची ही जुनी खोड. फोनवर जे कानावर पडेल ते ती मोठ्यानं परत म्हणे. त्यात नवरा अमोस बैलाशेजारी उभं राहून राहून बहिरा झालेला, त्यामुळे तिचा साधा आवाजसुद्धा भिंतीपलीकडं मिसेस टॉंक्सच्या चुलीपर्यंत पोचायचा.

"ओरडत नाहीये मी! माझा आवाजच असा आहे!… अरे, साचे गेल्यावर गाडी कशातून काढणार? माझ्या कढईतून?… 'फेररचना'? बाईची गर्भपिशवी काढून न्यायची आणि वर म्हणायचं, बाई धडधाकट आहे! ही तुमची फेररचना!… कोण घेतंय?… समुद्रापलीकडचा. असू दे, त्याला काय दोष. विकणारा तर आपलाच आहे ना. आणि माणसांना कधी सांगणार?… गुरुवारी. फाटकावर कागद चिकटवून! मेल्यांनो, कुत्र्याला हाकलताना तरी माणूस तोंडानं 'हाड' म्हणतो!"

बीटीनं हातातला कांदा पायरीवर ठेवला.

"क्लाइव. त्या कागदावर तुझी सही आहे?… नुसतं वेळापत्रक लिहिलंस. ट्रकचं. हं… गप्प बस. बारा वर्षं मी त्या गाड्यांच्या सीटा शिवल्यात. तुझ्या वेळी पोट मशीनला अडायला लागलं, तेव्हा कुठं उठले. आणि तू ट्रकचं वेळापत्रक लिहितोस!"

"हो, हो, ऐकतेय… कुणाला सांगू नको. बरं. बापाला तर मुळीच नको. त्याला काय सांगायचंय, खुर्चीत बसून वाटाणे निवडतोय. कानाशी तोफ उडाली तरी म्हणेल, 'चहा झाला का?'… थांब हं."

स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. खुर्चीवर वाटाण्यांचं भांडं होतं, माणूस नव्हता.

"अमोस? अमोस!… अरे, मागचं दार सताड उघडं! फेब्रुवारीचा वारा सगळा माझ्या घरात… सपाता इथंच, बूट नाहीत… आणि फळीवरची मूठ कुठाय? बैलाच्या साखळीची पितळी मूठ रे, निवृत्तीला तुमच्या कंपनीनंच दिली ना लाकडावर ठोकून. नुसतं लाकूड राहिलंय."

"कानातलं यंत्र? मी बोलायला लागले की बंद करतो मेला. आज नेमकं चालू ठेवलं!… बैलाला वाफ कुठली?… बॉयलर पेटलेलाच असणार, नाहीतर पाइप गोठतील. बॉयलरवाला विल्फ आहे तिथं… विल्फ आत घेणार नाही? विल्फच्या लग्नात नवरदेवाशेजारी तुझा बापच उभा होता, अंगठी खिशात घेऊन!"

"तुझी नोकरी?… जाईल. हो, जाईल. पण मला एक सांग. लहानपणापासून तुला ठाऊक आहे, माझ्या पोटात गुपित आणि चाळणीत पाणी. मग फोन मलाच का केलास?… हॅलो?… बोल ना… बरं. नको बोलूस. नाक पूस."

तेवढ्यात दाराची काच थरथरली. बीटीच्या एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात रस्त्यावरून, दोन्हीकडून बैल ओरडत होता. थांबतच नव्हता.

"ऐकलास?… तुझ्या खिडकीखालीच ना?… बघ, दारं उघडायला लागली. मिसेस टॉंक्स केस कुरळे करायच्या नळ्यांसकट बाहेर आलीय, मागून तिचे दोन्ही पोरगे… अगं हो! साचे नेतायत! मागच्या फाटकाला, धाव!… तुला नाही रे, तिला… तुलासुद्धा! टाय काढ आणि उतर खाली. बाप टोपी खुंटीवरच विसरलाय, तुझा मफलर गुंडाळ त्याच्या कानांना. ठेवते. माझा कोट सापडत नाहीये."