तोरिनोच्या बाईंनी नेलेली आपे

पुरवणी जबाब

नाव : ओनोफ्रिओ लोबाशो. वय : एकोणसाठ. धंदा : तीनचाकी आपे गाडीतून प्रवाशांना शहर दाखवणे. राहणार : सांता स्कोलास्तिकामागची गल्ली, जुने शहर, बारी.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, आज सकाळी मी याच टेबलासमोर उभा राहून माझे मालकीची आपे चोरीस गेल्याची तक्रार दिली होती. ती देताना मी टेबलावर हात आपटला, त्यात शाईचा शिक्का खाली पडला. सदर तक्रार मागे घेण्यासाठी हा जबाब देत आहे. लिहून घेणाऱ्या फौजदार मॅडम लासोरेल्ला यांनी मला बजावले की, जे घडले तेच सांगा, मीठमसाला लावू नका. मीठमसाल्यावरच माझा धंदा चालतो, तरी प्रयत्न करतो.

हकीकत अशी की, आज संत निकोलाच्या उत्सवाचा मोठा दिवस. मूर्ती बंदरावर गेली होती आणि निम्मे शहर तिच्या मागे. अशा दिवशी गल्ल्यांतून धंदा बरा होतो. किल्ल्यापाशी मला एक जोडपे गिऱ्हाईक मिळाले. गृहस्थांचे नाव आमेदेओ बोनफान्ते, उत्तरेकडच्या तोरिनोत शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. हातात जाडजूड मार्गदर्शक पुस्तक. सोबत त्यांच्या पत्नी एर्सिलिया. केस आखूड, पांढरे, डोळ्यांवर काळा चष्मा. बाई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि काही बोलल्या नाहीत.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. एका खिडकीकडे बोट दाखवून म्हणालो, "या खिडकीतून राणी टोपली खाली सोडून मासे घ्यायची."

गृहस्थ म्हणाले, "ही खिडकी शंभर वर्षांपूर्वीची आहे. राणी त्याच्या कितीतरी आधी मेली."

"मग खिडकी नंतर बदलली असेल, साहेब."

"भिंतही तेव्हाचीच आहे."

मी बाईंकडे वळून विचारले, "बाई, समुद्र कसा वाटला आमचा?"

गृहस्थ म्हणाले, "तिला समुद्र लागतो."

"कच्चा ऑक्टोपस खाऊन बघणार?"

"ती असलं काही खात नाही."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. मला वाटले, बाईंना कमी ऐकू येत असावे.

मोठ्या देवळापाशी गृहस्थ उतरले. तळघरातले खांब एकेक करून बघायचे आहेत, असे म्हणाले. बाईंनी नुसती मान हलवली आणि गाडीतच बसून राहिल्या. मी गाडी सावलीत, माझा मित्र गाएतानो याच्या दारासमोर लावली. किल्ली गाडीलाच होती. आमच्या गल्लीत किल्ली गाडीलाच असते. फोन पुढे चार्जिंगला लावलेला होता. मी गाएतानोच्या स्वयंपाकघरात गेलो. त्याने सकाळीच खडकावर आपटून मऊ केलेला ऑक्टोपस लिंबू पिळून पुढे ठेवला होता.

खात असताना बाहेर हॉर्न वाजला.

गाएतानो म्हणाला, "ओनो, तुझी गाडी बोलावतेय."

मी म्हणालो, "वाजवू दे. तिकडच्या लोकांना तेवढीच गंमत."

हॉर्न परत वाजला, लांबच लांब.

"बाई चिडली रे."

"नवरा खांब मोजतोय तोवर चिडू दे."

मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. तो माझ्याच गाडीचा आहे हे कळेपर्यंत घास गिळून झाला होता. बाहेर आलो तर गाडी नाही, बाई नाहीत. मी कोपऱ्यापर्यंत ओरडत धावलो. दारात बसून पास्ता वळणाऱ्या बायकांना विचारले. त्यातली एक म्हणाली, "गेली की सरळ. तुझ्यापेक्षा बरी चालवते हं."

तेवढ्यात गृहस्थ देवळातून बाहेर आले. मी म्हणालो, "तुमच्या बायकोनं माझी गाडी पळवली!"

त्यांच्या हातातून पुस्तक पडले. ते उचलत ते म्हणाले, "गाडी नाही हो. ती मला सोडून गेली."

ठाण्याकडे पळत येताना त्यांनी मला सांगितले की, सकाळी हॉटेलात न्याहारी करताना बाई म्हणाल्या होत्या, 'आमेदेओ, आणखी एक कमान दाखवलीस तर मी निघून जाईन.' त्यानंतर त्यांनी तीन कमानी दाखवल्या होत्या. रस्ताभर आम्ही दोघे आपापल्या परीने रडत आलो. मी गाडीसाठी. ठाण्यात मी जे बोललो ते तक्रारीत लिहिलेले आहेच. तरी 'उत्तरेकडची माणसं आधी आमची पोरं कामाला नेतात, आता गाड्याही न्यायला लागली' हे वाक्य काढून टाकावे. माझा जावई उत्तरेच्या बंदरातून जहाजावर जातो तो स्वतःच्या मर्जीने जातो, त्याला कुणी नेलेले नाही.

आता बाई गाडी घेऊन गेल्यानंतरची हकीकत. ही मी पाहिलेली नाही. माझी मुलगी पोर्त्सिया, विहीणबाई सेराफिना आणि खुद्द बोनफान्ते बाई यांच्याकडून इस्पितळात ऐकली. मॅडम म्हणाल्या, ऐकीव आहे असे लिहून पुढे सांगा. ऐकीव आहे.

पोर्त्सियाचे दिवस भरत आले होते, परंतु डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याचे सांगितले होते. जावई समुद्रावर असल्याने ती आणि सेराफिनाबाई दोघीच घरी होत्या. बाई गाडीत बसल्या असताना माझा फोन वाजू लागला, आणि थांबेना. म्हणून त्यांनी तो घेतला.

पलीकडून सेराफिनाबाई ओरडल्या, "व्याही! कुठं उलथलात? पोरीची पाणमोट फुटली! ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात समुद्राकडचा रस्ता माणसांनी भरलाय, गल्लीत शिरता येत नाही. लवकर गाडी आणा!"

"मी व्याही नाही. मी मागच्या सीटवर बसलेली बाई आहे."

"मग पुढच्या सीटवर बसा!"

बाईंनी हॉर्न वाजवून मला बोलावले. दोनदा. मी आलो नाही, ते वर सांगितले आहे. मग त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि फोनवर विचारले, "कुठं वळू?"

"जिथं चड्ड्या वाळत घातल्यात तिथून डावीकडे."

"सगळीकडंच घातल्यात."

"हिरव्या!"

अशा रीतीने बाई आमच्या विहिणीच्या दारात पोहोचल्या. पोर्त्सियाला उभे राहवत नव्हते. दोघींनी मिळून तिला चादरीत घालून मागच्या सीटवर आडवी केली. सेराफिनाबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. समुद्राची बाजू बंद, म्हणून बाईंनी किल्ल्याकडचा चढ धरला. तिथे आब्रुत्सोहून चालत आलेले यात्रेकरू काठ्या घेऊन, गाणी म्हणत येत होते. चढावर गाडी बंद पडली. सेराफिनाबाईंनी जपमाळ बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली. यात्रेकरूंना वाटले हाही उत्सवाचाच भाग आहे. एका म्हाताऱ्याने आत डोकावून पाहिले आणि बाकीच्यांना म्हणाला, "अरे, इथं संत यायच्या आधी दुसरंच कुणीतरी येतंय. ढकला!" त्यांनी गाणे न थांबवता गाडी वरपर्यंत ढकलून दिली.

पोर्त्सिया सांगते की, बाई गाडी चालवताना उजवा पाय सारखा खाली आपटत होत्या. तिने कळा देता देता विचारले, "बाई, काय करताय?"

"घंटा वाजवतेय."

"आमच्या गाडीला घंटा नाही."

"माझ्या पायाला अजून कळलेलं नाही."

बाईंनी तोरिनोत बत्तीस वर्षे ट्राम चालवलेली आहे. पोर्त्सियाला त्या अवस्थेत हसू फुटले. हसण्याने त्रास वाढला की कमी झाला, यावर तिचे आणि सेराफिनाबाईंचे एकमत नाही.

चढानंतरच्या चौकात वाहतुकीच्या शिपायाने हात वर केला. बाई थांबल्या नाहीत. लाकडी अडथळ्याचा एक पाय मोडला. शिपायाला हे कबूल आहे की, बाईंनी जाताना खिडकीतून हात काढून माफी मागितली. हीच खबर वायरलेसवरून ठाण्यात आली, तेव्हा मी आणि बोनफान्ते साहेब इथे बाकावर बसलो होतो. तीनचाकी, निळी, मागच्या पडद्यावर मासा रंगवलेला. मी म्हणालो, "माझीच! मोडली का?" गृहस्थांनी विचारले, "आत किती माणसं आहेत?" हवालदार आम्हाला घेऊन इस्पितळाकडे निघाले. गाडीत बसून वाटेत मी बाईंविषयी जे बोललो ते हवालदारांनी ऐकले आहे. त्यांनी ते सांगू नये अशी विनंती आहे.

इस्पितळाच्या दाराशी माझी आपे वाकडी उभी होती. पायरीवर सेराफिनाबाई बसल्या होत्या, पायात चप्पल एकच. मी विचारले, "तुम्ही इथं काय करताय?" त्या म्हणाल्या, "तुमचा फोन कशाला असतो हो, व्याही?" मग सगळे सांगितले.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असे म्हणाल्या. नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते, तेही त्यांनी सांगितले. ते इथे लिहू नये.

या ठिकाणी साक्षीदाराने पाणी मागितले. ते देण्यात आले. जबाब पुढे सुरू.

बोनफान्ते बाई आतल्या बाकावर बसल्या होत्या. काळा चष्मा डोक्यावर, बाह्या वर सारलेल्या, हातात कागदात गुंडाळलेली तळलेली मक्याची वडी. कुणा यात्रेकरूने दिली होती. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. बाईच म्हणाल्या, "डावीकडचा ब्रेक ढिला आहे तुमचा. बघून घ्या."

मी विचारले, "बाई, सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत?"

"जागा कुठं होती?" बाई म्हणाल्या.

बोनफान्ते साहेब लांब खांबापाशी उभे होते. मग हळूच येऊन बाकाच्या टोकाला बसले. पुस्तक ते इथे ठाण्यातच विसरले आहेत, ते कुणाला मिळाल्यास द्यावे. बाई म्हणाल्या, "बोल की काहीतरी. इस्पितळ कुठल्या सालचं आहे?"

ते म्हणाले, "ठाऊक नाही. तू त्या चढावर गाडी कशी सांभाळलीस, ते सांग ना."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग सांगायला लागल्या. क्लच, वळण, घसरलेली चादर, म्हाताऱ्याच्या काठीने टेकू दिलेले चाक, सगळे. मध्ये एकदाही साहेब बोलले नाहीत. फक्त "मग?" म्हणायचे. वडी बाईंनी अर्धी त्यांना दिली.

एवढ्यात हवालदार म्हणाले की, तक्रार नोंदलेली आहे, अडथळाही मोडलेला आहे, सबब बाईंना ठाण्यात यावे लागेल. बाई लगेच उठल्या. हात पुसले, बाह्या खाली केल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. मीही असल्या ड्रायव्हरला सोडलं नसतं." त्याच वेळी परिचारिका दारात येऊन मला म्हणाली, "आजोबा, बाळाला पुसून आणते, इथंच थांबा." सेराफिनाबाई म्हणाल्या, "थांबा हो, बाईंना काय फाशी देणारेत का?"

मी थांबलो नाही. पोलीस गाडीत बाईंच्या शेजारी बसून इकडे आलो.

बाई सध्या पलीकडच्या खोलीत बसलेल्या आहेत. साहेब दाराबाहेर उभे आहेत, त्यांना खुर्ची दिली तरी बसत नाहीत. सबब माझे म्हणणे असे की, माझी आपे चोरीस गेलेली नाही. बोनफान्ते बाईंनी ती माझ्या संमतीने नेली. मॅडमनी विचारले, संमती कधी दिली? नंतर दिली. नंतर दिलेली असली तरी ती संमतीच आहे, आणि पूर्ण शुद्धीत दिलेली आहे. अडथळ्याचे नुकसान माझ्या नावावर लिहावे. अडथळा मीच मोडला असे मी सांगून पाहिले, परंतु त्या वेळी मी याच बाकावर बसलो होतो हे मॅडमनी निदर्शनास आणले. ते खरे आहे. तरी गाडी माझी, मुलगी माझी, हॉर्न ऐकूनही न उठणारा माणूसही मीच. बाईंकडे मोटारीचा परवाना आहे, मी पाहिला. फोटोत त्या हसत आहेत.

माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. बाईंना आधी सोडावे, मग मला. त्यांना सोडल्यावर मी त्यांना आणि साहेबांना घेऊन इस्पितळात जाणार आहे. माझ्या नातीला मी अजून पाहिलेले नाही. बाईंनी पाहिले आहे. त्या म्हणतात, तिचे डोळे उघडे होते.

वरील मजकूर फौजदार मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, जास्त नाही, कमी नाही. कोणाच्या दबावाने सही करत नाही. घाईने करत आहे.

(सही) ओनोफ्रिओ लोबाशो

समक्ष : फौजदार लासोरेल्ला. शेरा : तक्रारदाराच्या म्हणण्यावरून चोरीची तक्रार निकाली. वाहतूक शाखेस वेगळे कळवले. श्रीमती बोनफान्ते यांना सोडले.