नितीनदादाला कोणता शेवट पटला

कथेवरून काढलेला सिनेमा खोटा आणि मूळ कथा खरी, हे माझं ठाम मत आहे. लंडनहून शिकून परतल्यावर मी ते माझ्या मावसभावाला, नितीनदादाला पटवायला बसले होते. दादा हॉकीचा गोलकीपर. एका मॅचमध्ये पाठीला मार बसला, तेव्हापासून पलंगावर आहे.

टीव्हीवर सिनेमा लागला होता. त्यातला जखमी गोलकीपर शेवटी उठतो आणि फायनल जिंकून देतो. मला इतका संताप आला की मी टीव्ही बंद करून त्याची मूळ कथाच दादाला वाचून दाखवली. तिच्यात तो कधीच उठत नाही. दर रविवारी सगळी टीम त्याच्या पलंगाभोवती पत्ते खेळायला जमते.

“बघ, किती प्रामाणिक शेवट आहे!” मी म्हणाले.

“दर रविवारी? काहून फेकून राहिला हा लेखक?” दादा हसला.

स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, “असं काय रे, पहिल्या महिन्यात आली होती ना सगळी पोरं!”

“हो, आई,” दादा मोठ्याने म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “चलो मॅडम, सिनेमाच लाव. तो खोटा आहे, हे निदान कळतं तरी.”