जखिणीनं मागितलेली कोंबडी

ऐका मंडळी. शेकोटीजवळ सरका, आणि मधेच कुणी उठू नका. ही माझ्या चुलत आजीची, यसूआक्काची गोष्ट. तिच्या मांडीवर वाढलोय मी, खोटं कशाला सांगू?

आक्काच्या परसात सात कोंबड्या. त्यांची पिसं गळायला लागली. आधी मान उघडी पडली, मग पाठ. रात्रभर खुराड्यात फडफड. बघता बघता पाच मेल्या. गावचा देवऋषी म्हणाला, "ओढ्यावरची जखीण पिसं उपटतीय. आज रात्री एक कोंबडी तिथल्या उंबराखाली ठेव, न्हाईतर उद्या खुराडं रिकामं."

आक्का म्हणाली, "कोंबड्या माझ्या. तिला कशापायी देऊ?"

दिवस मावळल्यावर तिनं उरलेल्या दोन्ही पाटीत घातल्या, वर फडकं बांधलं आणि निघाली. कुठं? ओढ्यापलीकडं, रहिमाबीच्या वस्तीवर. रहिमाबीचा सगळा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. पण वाट एकच, त्याच उंबराखालनं.

उंबर आला. मागनं कुक् कुक्. मेलेल्या कोंबडीचा आवाज, आक्कानं बरोबर ओळखला. वळली नाही. पुढं पाण्याच्या कडेला एक बाई उभी. अंगावर लुगडं नाही, पिसं. तांबडी, काळी. आक्काच्याच कोंबड्यांची.

"थकलीस गं. पाटी दे माझ्याकडं."

"माझी पाटी मला जड न्हाई," म्हणून आक्का पाण्यात शिरली.

ऐका आता. मधोमध पाटी जड झाली. धोंडे भरल्यासारखी. मान मोडायला आली. आक्कानं ती डोक्यावरनं काढून छातीशी धरली. तशी मागनं गार बोटं केसांत शिरली. एकेक केस उपटायला लागली, कोंबडीचं पीस उपटावं तसा.

"कोंबडी दे."

आक्काच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. पण म्हणाली, "केस ने. सगळे ने. कोंबडी मिळायची न्हाई."

पलीकडं पाय टेकला आणि बोटं सुटली.

रहिमाबीनं कंदील धरून कोंबडीचा पंख उचलला. पिसांच्या मुळाशी बारीक तांबडे किडे. "हे बघ यसू. दिवसा खुराड्याच्या फटीत लपत्यात, रात्री रक्त पित्यात. आन् तुझ्या डोक्याला गं काय झालं?"

"केस उपटणारी दुसरी होती," आक्का म्हणाली.

रहिमाबीनं सांगितलं तसं आक्कानं उजाडल्यावर घरी येऊन फटींत उकळतं पाणी ओतलं, खुराड्याला आतून चुना फासला, कोंबड्यांना रोज राखेत लोळू दिलं. दीड महिन्यात नवी पिसं फुटली. एक तर खुडूक होऊन अंड्यांवर बसली, अकरा पिल्लं काढली.

देवऋषी विचारायला आला, "काय दिलंस जखिणीला?"

आक्कानं पदर मागं सारला. तळहाताएवढी जागा उघडी. "हे तिनं हिसकावलं. मी काय बी दिलं न्हाई."

तिथं केस पुन्हा आले नाहीत. मी हात लावून बघितलंय.

उंबर अजून उभा आहे. अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. आक्का पुढंही जायची, पण तिचं बघून तुम्ही जाऊ नका.