झेंड्याला टांगायची पिशवी

जून २०२०. आइंडहोवन या डच शहरात दुकानाबाहेरच्या रांगेत, माझ्या दीड मीटर पुढे, मास्क लावलेलं एक मराठी जोडपं उभं होतं.

"भेट काय हवी ते सांगितलं नाहीस, सुचेता."

"काही नको रे."

"मग फुगे, पताका आणि एक झेंडा घेऊ."

"झेंडा कशाला?"

"इथली पोरं शाळेतून पास झाली की घरावर झेंडा लावून त्याला दप्तर टांगतात. आपल्या गल्लीत तीन घरांवर लागलेत."

"ती सतरा वर्षांची आहेत, शिरीष. मी सेहेचाळीसची."

"पाळणाघराचा डिप्लोमा मिळाला ना तुला?"

"मिळाला, पण लॉकडाऊनमुळे स्वयंपाकघरात बसून, लॅपटॉपवर."

"म्हणूनच. गल्लीला कळू दे."

"शेजारीण विचारेल, मुलगा पास झाला का?"

"सांगेन, बायको झाली."

"आणि टांगणार काय? मला कुठे दप्तर आहे?"

"तीन वर्षं वर्गाला वह्या कशातून नेल्यास?"

"ती कापडी पिशवी? अरे, तिच्यावर साडीच्या दुकानाचं नाव आहे!"

"असू दे की."

"एक बंदही तुटलाय."

"दुसऱ्यावर लटकेल."

रांग पुढे सरकली. सुचेता जागेवरच उभी होती.

"शिरीष, झेंडा जरा मोठा बघ. पण आज लावू नकोस हं. आधी पिशवीला इस्त्री करते."