अनुरूप म्हणा की संगत

मंडळी, आक्का, आणि पाठीमागं उभी असलेली माझी जुनी पोरंपोरी,

आत्ता तिघं बसप्पा सरांविषयी चांगलं बोलून गेले. मला सांगायचंय ते चांगलं न्हाय. पण आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

सरांची घरची भाषा कन्नड. सीमाभागातल्या आमच्या कंग्राळीच्या मराठी शाळेत गणिताला माणूस मिळेना, म्हणून ते आलते. मी मराठीचा मास्तर. शुद्ध बोलण्याचा लई तोरा होता मला.

एकदा त्यांच्या वर्गाच्या दारात उभा होतो. सरांनी फळ्यावर दोन समांतर रेषा काढल्या, त्यांना छेदणारी एक तिरकी रेघ ओढली. जुन्या कॅलेंडरचा कागद वरच्या कोनाच्या मापानं कापला आणि त्या तिरक्या रेघेवरनं खाली सरकवला. "बघा रं, खालच्या कोनात बसतोय का?" बसला! पोरं ओरडली. माझ्या टाळक्यात जे जन्मात शिरलं नव्हतं, ते तिथं उभ्या उभ्या शिरलं. सर म्हणाले, "हे अनुरूप कोन."

आपल्या पुस्तकात 'संगत कोन'. कन्नड पुस्तकात 'अनुरूप'. फरक एवढाच. आणि मी काय केलं? आत शिरलो आणि म्हणालो, "काय सर, कोनांची लग्नं जुळवताय व्हय? अनुरूप स्थळ असतंय, कोन न्हाय!"

वर्ग फिसकन हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासनं पोरं त्यांना 'स्थळ सर' म्हणायला लागली. पोरांनो, आत्ता खाली बघताय ते बघू नका रं. तुम्ही लहान होता. मी नव्हतो.

शाळा सुटल्यावर सरांनी मला सायकलींजवळ गाठलं. "सर, माझा शब्द चुकला तर बाजूला घेऊन सांगा. पोरांसमोर नको." मी म्हणालो, "मग पोरांसमोर चुकू नका." असं म्हणालो मी. ह्याच तोंडानं.

त्यानंतर सरांनी शब्दच सोडला. अनुरूप नाही, संगत नाही. फळ्यावर बोट ठेवायचे, "हा आणि हा सारखा." मला वाटलं, सुधारला गडी! सहामाहीचा पेपर बाहेरनं आला. त्यात 'संगत कोनांच्या जोड्या लिहा.' निम्म्या वर्गानं कोरं सोडलं. पोरांना कोन येत होते, नाव येत नव्हतं. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर जाब विचारला. सर उठले, म्हणाले, "माझं मराठी कमी पडलं." माझं नाव घेतलं नाही. मी समोरच बसलेलो, बशीतला चहा फुंकत.

मराठीचा मास्तर ना मी? मग 'चूक माझी' एवढे दोन शब्द तेव्हा का सुचले नाहीत?

रिटायर झाल्यावर मी शहरात, टिळकवाडीत राहायला गेलो. बाजारात सर दिसायचे. लांबनं हात वर करायचे. आणि मी मेथीच्या जुडीत तोंड खुपसून उभा राहायचो. किती वर्षं! आज जाऊ, उद्या जाऊ. परवा कळलं, सर गेले.

आक्का, काल सरांच्या घरी आलतो तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे सांगायचे, मराठी ऐकावं तर तुमचं." तुमच्यासमोर मान खाली घालून बसलो. खरं सांगायचं धाडस काल झालं नाही. म्हणून आज चारचौघांत सांगतोय.

मला कन्नड येतं. ह्या भागात जन्म गेला, न येऊन सांगतंय कुणाला? ताठ्यापायी सरांशी एक वाक्य कधी त्यांच्या भाषेत बोललो नाही. आज बोलतो. ऐकायला ते न्हाईत, ही माझी शिक्षा.

सर, नंदु तप्पात्री. माझी चूक झाली. क्षमा माडरी. माफ करा.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मी तर न्हायच.