शेवटच्या धारा

—तिथे नका उभे राहू साहेब, तिथून तिला तुमची सावली दिसते. इकडे या, पेंढ्याच्या बाजूला. टेका हवं तर, चिरे कोरडे आहेत. आणि बोलू नका. रागावू नका हं, तुम्हाला गप्प बसवतेय असं नाही — ही आमची तांबू, अनोळखी आवाज ऐकला की पान्हा चोरते, मग तुम्ही नमुना कशाचा नेणार? नुसती मान हलवा. माझ्या आवाजाची तिला सवय आहे. मी थांबले की तीही थांबते, म्हणून मला बोलावंच लागतं, रोज बोलते, कधी रामरक्षा म्हणते, कधी काल कुठल्या भाजीत मीठ जास्त पडलं ते सांगते — आज तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकायला आलायत ना? नाही, बघायला आलायत. दमयंतीबाईंच्या दुधातली मलई जाते कुठे, ते बघायला. हलवा मान, मला माहीत आहे.

आता हा पाडा, तिचं वासरू, आधी सोडायचा. बघा कसा धावतो. त्याला क्षणभर लावला की तिला पान्हा फुटतो, मग त्याला ओढून तिच्या तोंडासमोर बांधायचा, तिला चाटता येईल असा — ये रे, ये, पुरे, मग देते — हां. झालं. आता चरवी घेतली. ही बघा उपडी करून दाखवते, कोरडी आहे, बोट फिरवून बघा. नको? बघा हो, तुमचं कामच आहे ते, मला नाही राग येत. राग यायचा ते दिवस गेले. आता शिसारी येते फक्त.

सरकारने दर बांधून दिला ना, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. टीव्हीवर सांगत होते, आता दूध घालणाऱ्याला कुणी नाडणार नाही, अमुक दर, वर अनुदान, गाईच्या कानात बिल्ला मारून घ्या. घेतला मारून, हा काय पिवळा, किती तरी दिवस कान झटकत होती बिचारी. आणि मग हातखंब्याला दूध केंद्रावर गेल्यावर कळलं की दर बांधलाय तो साडेतीन फॅटचा. त्याच्या खाली आलात की तो दर तुमचा नाही. खाली एकेका पॉइंटला कात्री, आणि वर गेलात तर देताना यांचा हात आखडतो — हे कसलं बांधणं? साडेतीन कुणी ठरवलं? ज्याने ठरवलं तो कधी गाईखाली बसला होता? म्हणजे तुमच्यावर नाही म्हणत मी, तुम्ही सरकारचे की डेअरीचे तेही मला अजून कळलेलं नाही. दोघांचेही असाल. आजकाल तसंच असतं — हो गं, हो, तुझंच चाललंय, उभी राहा.

पैशाचं नाही हो. खोटं कशाला बोलू, पैशाचंही आहे, पण ते सोसता येतं. तो आकडा मोठ्याने वाचतात, ते नाही सोसत. केंद्रावर आमचा सेक्रेटरी सुजय, माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला पोरगा, यंत्रात दूध घालतो आणि रांगेला ऐकू जाईल असा ओरडतो — दमयंतीबाई, तीन-एक. शाळेत नापासांची नावं वाचायचे तसं. मी कधी नापास झाले नाही हो. जेमतेम शिकले, पण नापास नाही झाले. आणि आता रोज सकाळी, रोज संध्याकाळी, तीन-एक, तीन-दोन, तीन-एक. मागे कुणीतरी खोकतं. कुणी म्हणतं, या वर्षी दमयंतीबाईंकडे उकडीच्या मोदकांवर तुपाची धार जाड होती म्हणे. हसतात. डिग्री बरोबर येते माझ्या दुधाची, म्हणजे पाणी नाही हे सगळ्यांना कळतं. पाणी नाही आणि फॅट नाही, तर मग काय? मलई काढून घेते. वरचं स्वतःला, खालचं सरकारला. असा हिशेब.

आता ऐका, आवाज ऐका चरवीतला. भरत आली की आवाज जाड होतो बघा. असा फेस यायला लागला की मला अजून लहान मुलीसारखा आनंद होतो. हसताय काय? हसा, पण आवाज न करता.

मलईचं सांगते. आमच्या पुतणीने, वेदिकाने, परवा पिशवीचं दूध आणलं होतं, पाहुणे आले आणि माझं दूध केंद्रावर जाऊन बसलेलं. ती पिशवी मला दाखवून म्हणाली, काकी वाच. मी चष्मा लावून वाचलं. फॅट तीन. छापलंय तसं, रंगीत अक्षरात. म्हणजे यांनी आमच्याकडून साडेतीनचं घ्यायचं, त्यातली मलई काढायची, तीनचं करून विकायचं, आणि ते कायद्यात बसतं. माझं तीन-एक गाईच्या कासेतून तसंच आलेलं, ते चोरीचं. मी ती पिशवी धुऊन वाळत घातली. का कोण जाणे. फेकवेना. ओटीवर दोरीला लटकतेय, येताना बघितली असाल.

तर मलई कुठे जाते. सांगते, लपवायचं काय त्यात. हे बघा, कास आता सैल पडायला लागली. अजून दूध आहे आत, पण थोडं काढलं की मी उठणार. सासूबाईंनी मला शिकवलं ते असं — हाताखाली सड मऊ लागलं की ऊठ, पुढच्या धारा वासराच्या. त्या कधी काढायच्या नाहीत. आमच्या घरात कुणी काढल्या नाहीत, दुष्काळात नाही, लग्नकार्यात नाही. आणि शेवटच्या धारांमध्येच तर सगळी साय असते — मान हलवताय, म्हणजे शिकलायत तुम्ही ते. सुजयलाही माहीत आहे. त्यानेच मला बाजूला घेऊन सांगितलं, काकी, शेवटपर्यंत पिळा, साडेतीन आरामात येईल, त्या पाड्याला कशाला पाजताय, जर्सीचा नर, ना औताचा ना कशाचा, मोठा झाला की सोडूनच द्याल ना रस्त्यावर. हसत म्हणाला हो. वाईट पोरगा नाही तो. त्या दराने त्याची जीभ अशी झाली. दोन वर्षांपूर्वी हाच माझ्याकडे खरवसाला यायचा आणि वासराच्या गळ्यात घुंगरू बांधायचा.

पण तुमच्या कागदावर दुसरंच आहे, नाही का? की मध्ये चार-आठ दिवस माझंच दूध साडेतीनच्या वर लागलं. तीन-सात सुद्धा. म्हणून तर संशय. तेव्हा लागलं, मग आता का नाही? बरोबर आहे. मीही तुमच्या जागी असते तर आले असते.

तेव्हा मी इथे नव्हते. मंडणगडला गेले होते, बहिणीच्या श्रद्धाचं लग्न. मागे आमचे हे होते. ह्यांनी धार काढली. ह्यांना सुजयने काय सांगितलं असेल ते असो, ह्यांनी शेवटपर्यंत पिळली. मी आले तर हे खळ्यात उभे, हातात केंद्राची पावती, मुलाचा निकाल दाखवावा तशी. तीन-सात. नाक्यावर सगळ्यांना चहा पाजला म्हणे. आणि मी गोठ्यात आले तर हा पाडा दाव्याचं टोक चोखत होता. भिंतीचे चिरे चाटून चाटून ओले केलेले. मी ह्यांना काही बोलले नाही. गपचूप माझ्या पद्धतीने धार काढायला लागले, आणि आकडा खाली आला.

आता बघा कसं दिसतं ते. बायको गावाला तर दूध भरलेलं, बायको घरी तर मलई गायब.

तुम्हाला म्हणून सांगते — सांगू नये, पण ही ऐकतेय ना, थांबता येत नाही — एके दुपारी मी विहिरीवरून आले तर स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मला वाटलं मांजर. हे होते. एकेक झाकण उचलून बघत होते. डब्यात बघितलं, मडक्यात हात घातला, कोनाड्यात वर बघितलं. लोणी शोधत होते हो. माझं लोणी. मी कुठे लपवून ठेवते ते. मी परत मागच्या दाराने बाहेर गेले आणि मुद्दाम कळशी आपटत आत आले, त्यांना हात पुसायला वेळ मिळावा म्हणून. ते म्हणाले, जरा साखर बघत होतो.

सईदाभाभी आहे ना, खालच्या घरची, तिची म्हैस आहे, तीही त्याच रांगेत असते. ती एकटीच केंद्रावर बोलली. म्हणाली, "मी रोज हिच्या चुलीपाशी बसते. लोणी असतं तर मला नसतं का दिलं?" इतकंच. आणि घरचा माणूस मडक्यात हात घालतो. शेवटच्या धारा पाड्याला जातात हे मी ह्यांना सांगायला हवं होतं म्हणता? सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग काढ ना शेवटपर्यंत. आणि दराप्रमाणे त्यांचंच बरोबर आहे. म्हणून नाही सांगितलं. म्हटलं, स्वतःला कळेल. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, त्याला कळू नये?

आज घरी नाहीत ते. पहाटेच निघाले, खेडला काम आहे म्हणाले. खेडला ह्यांचं कसलं काम असतं कोण जाणे, कधी गेले नाहीत. बरं झालं म्हणा, नाहीतर तुमच्यासमोर — थांबा. तुम्हाला आमचं घर कुणी दाखवलं? नाही म्हणजे, नाक्यापासून इकडे यायला फाटे किती, पाटी नाही, नवा माणूस दोनदा चुकतो. आणि नेमक्या धारेच्या वेळी. भेटलं कुणी?

उंच, डोक्याला पांढरी टोपी, डाव्या हाताला पट्टी?

हं.

...

नाही, काही नाही. थांबली बघा ती, मी गप्प झाले की थांबतेच. हो गं. हो. आहे मी. कुठे जाते.

चला, मी उठले. ही घ्या चरवी, घ्या तुमचा नमुना. काय म्हणताय? हाताने खूण काय करताय ती — अजून आहे आत, काढा म्हणताय? काढून ह्यातच मिसळा, साडेतीन येईल, तुम्ही तसंच लिहाल, आणि विषय मिटेल? चांगले आहात हो तुम्ही. खरंच चांगले आहात, म्हणून सांगते, नका माझ्यासाठी हे करू. आज साडेतीन आलं की मी उद्यापासून चोर नाही, पण आजपर्यंत होते, असं होईल ना? तीन-एक येईल. तीन-एकच लिहा. केंद्राने दूध बंद केलं तर करू दे, सोबतीला भाभी आहे, नाक्यावरचा अयूबचा चहाचा गाडा आहे, तो फॅट विचारत नाही, चहा पांढरा झाला की त्याला पुरे.

सरका जरा. याला सोडते. जा रे.

बघितलंत? शेपटी बघा कशी उभी. डोकं मारतो ना, तशा उरलेल्या धारा उतरतात. आता बोललात तरी चालेल, आता ती कुणाचं ऐकत नाही. पण तुम्ही आता काय बोलणार. त्याचं तोंड बघा. तो पांढरा फेस दिसतो, ओठांना, नाकपुडीला लागलेला? नाक्यावर कुणी तुमची वाट बघत बसलं असेल, खेडला न गेलेलं. त्यांना सांगा लोणी सापडलं म्हणून. गोठ्यात होतं.

जा आता. आणि जाताना फाटकाचं बेडं ओढून घ्या, बाहेरची गुरं आत येतात.